धाकटीचा फोन

माय,

धाकटीनं मोबाइल घेतला. घरातल्या सगळ्यांचा मिळून एक असा नाही. तिचा स्वतःचा, मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडून मिळवलेल्या पैशांतून. हे तुला सांगावं असं त्या दिवसापासून वाटतंय, म्हणून आज कागद घेऊन बसले. तुझ्याशी मी जन्मात कधी अशा मराठीत बोलले नाही. आपलं सगळं बोलणं, भांडणं, रुसणं अहिराणीतच. पण इतकी वर्षं शाळेत शिकवून सवय अशी झालीय की पेन हातात धरलं की पुस्तकातलीच भाषा उतरते. "मोठी मास्तरीन व्हई गई," असं म्हणून तू हसली असतीस. हस.

तू गेलीस तेव्हा आपल्या गल्लीत एकाच घरी फोन होता. विणलेल्या रुमालाखाली झाकलेला, काळा, जड. कुणाचा निरोप आला की त्या घरातली बाई ओट्यावरून हाक मारायची आणि आपण हातातलं काम टाकून पळायचो. धाकटी तेव्हाही मागे यायची. मी कानाला फोन लावून बोलत असताना ती माझ्या तोंडाकडे एकटक बघायची आणि फोन ठेवला की हाताने विचारायची, कोण होतं? काय म्हणालं? मग तू तिला सांगायचीस. तिकडून चार वाक्यं आलेली असत, पण तुझ्या हातांतून ती तिला पंधरा होऊन मिळत. पुढे घरोघरी मोबाइल आले, बटणांचे, मग काचेचे. भाऊकडे आला, भावजयीकडे आला, माझ्याकडे तर कधीचाच आहे. मी नोकरीमुळे खांडबाऱ्याला आणि ती नंदुरबारला भाऊजवळ, तुझ्याच घरात. दर रविवारी भाऊ फोन करतो, मी विचारते धाकटी कशी आहे, तो म्हणतो, "बरी शे." कितीतरी वर्षं माझ्या बहिणीची एवढीच खबर मला मिळत होती, आणि मला ती पुरतही होती, कारण ती अबोल आहे, शांत आहे, तिला फारसं काही सांगायचं नसतं असं आपण सगळेच धरून चाललो होतो. तूही म्हणायचीस ना, मन्ही धाकटी गरीब गाय शे.

तू ती शाळा पाहिली होतीस. धुळ्याकडची, ऐकू न येणाऱ्या मुलांची, राहायची सोय असलेली. तिला सोडून आलो त्या दिवशी एस.टी.त तू खिडकीकडे तोंड करून बसलीस ती घर येईपर्यंत वळली नाहीस. पहिल्या दिवाळीला आपण तिला आणायला गेलो तेव्हा बाईंनी तिला आरशासमोर उभं केलं, तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि तिच्याकडून एक शब्द म्हणवून घेतला. "आई." जाड, घोगरा, अर्ध्यातच तुटलेला आवाज. आपल्या घरात आई कोण म्हणतं? आम्ही दोघं तुला माय म्हणायचो. पण शाळेनं तिला शाळेचा शब्द दिला. तू बाईंच्या पुढ्यातच खाली बसलीस. नंतर गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटलीस, "मन्ही धाकटी माले आई म्हनस." त्यानंतर शेवटपर्यंत तू आमची माय आणि तिची एकटीची आई होतीस. मला त्याचा थोडा हेवाही वाटायचा.

आता फोनचं सांगते. या उन्हाळ्यात भाऊ तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला होता, अपंगांच्या कार्डाचं काहीतरी काम होतं. तिथे रांगेत एका बाईनं तिला पाहिलं आणि धावत येऊन मिठीच मारली. भाऊला वाटलं असेल कुणी पथारीवरची. दोघी हातवारे करत बसल्या, त्या बाईनं आपला मोबाइल काढून तिला काहीतरी दाखवलं, तेवढ्यात बाहेर रिक्षावाला घाई करायला लागला म्हणून भाऊ तिला ओढूनच घेऊन आला. कोण होती ती बाई, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. पावसाळा सरला, पथारीवर नव्या मिरच्या येऊन पडल्या, आणि मी सुट्टीत नंदुरबारला गेले तेव्हा धाकटीनं माझा हात धरून मला तुझ्या खाटेवर बसवलं. माझ्या पिशवीतला मोबाइल काढला, तो दाखवला, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मला हवा. मी हसले. ती हसली नाही. तिनं पुन्हा छातीवर बोट ठेवलं, या वेळी जरा जोरात.

भाऊनं ऐकलं तेव्हा तो जेवत होता. "तिले काय करनं शे फोनन्हं? ऐकाले येत नही, बोलता येत नही. कोनीबी फसाडी दी, पैसा काढी ली." भाऊ वाईट नाही गं, तुला माहीतच आहे. तिला पथारीवर उशीर झाला तर मोटरसायकल काढून शोधायला जाणारा तोच. पण हे सगळं तो माझ्याशी बोलत होता, तिच्याकडे पाठ करून, आणि ती दारात उभी राहून आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. मला एकदम तुझा हात आठवला. मी चुलीपाशी भाकरी थापता थापता तिच्याबद्दल काहीतरी बोलत होते आणि तू पिठाच्या हातानं माझी हनुवटी धरून माझं तोंड तिच्याकडे वळवलं होतंस. "तिनाकडे तोंड करीसन बोल. भीतले काय सांगी ऱ्हायनी?" कितीतरी वेळ माझ्या हनुवटीला पीठ लागलेलं होतं. मी भाऊला म्हटलं, तिच्याकडे बघून बोल. तो वळला. तिच्याकडे बघून त्याला ते सगळं काही बोलता येईना. हातातला घास त्यानं ताटात ठेवला आणि म्हणाला, "जा मंग, ली या."

बाजारपेठेतल्या दुकानात गेलो. दुकानदार गोड माणूस, पण सगळं माझ्याशी बोलत होता. "ताई, यांना साधा बटणवाला बास झाला. म्हातारी माणसं तोच नेतात." माय, आपली धाकटी अजून पन्नाशीचीसुद्धा नाही. मी म्हटलं, त्यांनाच विचारा. मग त्यानं काचेचे दोन-तीन काढले आणि आवाज किती दणदणीत आहे हे दाखवायला मोठ्यानं गाणं लावलं. धाकटी त्याच्या मान डोलावण्याकडे बघत होती. मी कानाला हात लावून नाही म्हणून खूण केली तसा तो बिचारा इतका ओशाळला की गाणं बंद करायचं बटणच त्याला सापडेना. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली. आणि धाकटी हसत सुटली. तिला समजलं होतं काय झालं ते.

मग तिनं जे केलं ते मी आधी कुणाला करताना पाहिलं नव्हतं. तिनं एक फोन उचलला, काउंटरवर ठेवलेल्या खोक्यांना टेकवून उभा केला, त्यातला आपल्याकडे बघणारा कॅमेरा दुकानदाराकडून सुरू करून घेतला आणि दोन पावलं मागे सरकली. काचेत ती दिसत होती. तिनं दोन्ही हात वर केले, बाजूला नेले, कपाळाशी नेले, पोटाशी आणले. हात कुठवर दिसतात, बोटं वेगळी वेगळी कळतात की नाही, हे ती तपासत होती. पहिल्या फोनमध्ये बोटं पुसट झाली. तिनं तो बाजूला सारला. दुसरा उभा केला. दुकानदार आधी बघत राहिला, मग त्याला उमगलं, आणि त्याने स्वतःहून दुकानाचा वरचा दिवा लावला. तिसऱ्या फोनवर ती थांबली. हात जलद हलवून पाहिले, बोटं मोजून पाहिली आणि माझ्याकडे वळून मान हलवली. मी आयुष्यभर दुकानदार देईल ती वस्तू घेत आले. तुझ्या धाकटीनं तिची वस्तू पारखून घेतली. निघताना दुकानदारानं अजून एक केलं. कुठली कुठली बटणं दाबून फोन आला की त्याच्या पाठीवरचा दिवा उघडझाप करेल अशी सोय करून दिली, आणि या वेळी तिच्याकडे तोंड करून, हळूहळू, ओठ नीट हलवत म्हणाला, "दिवा लागला की फोन."

घरी येऊन फोन सुरू करायचा कार्यक्रम मोठाच झाला. नवा फोन आधी शंभर चौकशा करतो, सोयरीक जुळवायला आल्यासारखा. भाषा कोणती? मराठी. जन्मतारीख? शाळेत घालताना मास्तरांनी लावली तीच, एक जून. आपल्या गल्लीतली निम्मी पोरं एक जूनचीच आहेत. मग म्हणे बोट ठेवा. म्हणजे तुझं बोट ओळखून फोन उघडतो, दुसऱ्या कुणाला उघडत नाही. तिनं अंगठा ठेवला. फोन म्हणाला, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवला. बोट पुसून ठेवा. सगळी बोटं झाली, दुसरा हात झाला. देठ खुडून खुडून तिच्या बोटांच्या रेषाच पुसल्या गेल्यात. तुझीही बोटं अशीच झाली होती, गुळगुळीत आणि गरम. मला वाईट वाटलं, तिला काही वाटलं नाही. तिनं मला दुसरी सोय शोधायला लावली, काचेवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवून नक्षी काढायची, ती नक्षी म्हणजे कुलूप. मला मान फिरवायला सांगितली आणि नक्षी काढली. ती अजून मला माहीत नाही. भाऊलाही नाही. ह्या घरात तिचं असं कुलूप पहिल्यांदाच आहे.

मग फोननं मागणी केली की तुमचा आवाज ऐकवा, म्हणजे तुम्ही बोललात की मी ओळखेन. मी ते पटकन पुढे ढकलायला गेले. तिनं माझं मनगट धरलं. काय म्हणतो? मी सांगितलं, बोल म्हणतो. तिनं ती काच आपल्यासमोर धरली. मग गळ्यावर हात ठेवला, शाळेत ठेवायची तसा, आणि म्हणाली, "आई."

भावजय चहा गाळत होती, तिचा हात थांबला. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा तू नव्हतीस. तिनं हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. फोनला काही तो शब्द पटला नाही. नीट ऐकू आलं नाही, पुन्हा बोला, असं तो लिहून दाखवत राहिला. मी तिला ते सांगितलं. तिनं फोनकडे बघून हात उडवला, ह्यालाच ऐकू येत नाही अशी खूण केली आणि इतकी हसली की आम्हा दोघींनाही हसू आवरेना.

आणि आता जे सांगते त्यासाठीच मी हा कागद घेतला. सगळं लावून झालं, तसा तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि आकडे दाबायला लागली. कुठेही न बघता, एकेक आकडा, न अडखळता. मी विचारलं, कुणाचा नंबर? तिनं दवाखाना दाखवला, मिठी दाखवली. त्या रांगेत, भाऊ ओढत असताना, तिनं त्या बाईच्या फोनवर तिचा नंबर पाहिला होता आणि तो उन्हाळा, पावसाळा डोक्यात धरून ठेवला होता. व्हिडिओ कॉल लावला. मी तिला फोन तुझ्या पितळी डब्याला टेकवून दिला. पलीकडे एक बाई आली, टिकलीवाली, मागे कोंबड्यांच्या जाळ्या. क्षणभर तिनं ओळखलं नाही, मग तिचे दोन्ही हात तोंडावर गेले.

माय, मग त्या दोघी बोलायला लागल्या. मी तुला कसं सांगू. तुझ्या माझ्या खुणा म्हणजे भाकरी, दूध, दुखतंय, बाजार, ये, जा. मला वाटायचं तिची भाषा तेवढीच. इथे तिचे हात असे चालले होते की मला बोटं वेगळी दिसेनात. भुवया, गाल, खांदे, सगळं बोलत होतं. ती थांबवत होती, पुन्हा सांगत होती, कुणाची तरी नक्कल करत होती, पलीकडची हसून हसून खाली वाकत होती, मग ती काहीतरी भांडल्यासारखं सांगायची आणि ही जोरजोरात मान हलवायची, नाही, नाही, तसं नव्हतं. नंतर मला थोडं थोडं समजलं. पलीकडची ती नवापूरची. शाळेत दोघींच्या खाटा शेजारी. वर्गात बाई हात हलवू द्यायच्या नाहीत, ओठानंच बोला म्हणायच्या, पण वसतिगृहात रात्री दिवे मालवायच्या आधी मुली हातांनीच बोलत. मोठ्या मुलींनी लहानांना शिकवलेलं, लहानांनी त्यांच्याहून लहानांना. आपण दिवाळीला जाऊन आरशासमोरचा तो एक शब्द ऐकून आलो, आणि ती तिथे अख्खी भाषा शिकून बसली होती. घरी आल्यावर ती कुणाशी बोलायची? आपल्याला येतच नव्हती.

भाऊ दारात येऊन उभा राहिला. मग हळूच मला म्हणाला, "ताई, हाई इतलं बोलस?" मी म्हटलं, हो रे, बोलस. त्यानं चप्पल काढली आणि भिंतीशी बसून घेतलं. माय, तुझी धाकटी गरीब गाय नाही. ती बडबडी आहे. आपल्या घरात तिच्याइतकं बडबडं कुणी नाही, तू धरून.

मध्येच तिनं भाऊकडे बोट केलं आणि मैत्रिणीला एक खूण केली, मिशीला पीळ आणि पोटावर गोल हात. पलीकडची खदखदून हसली. भाऊ म्हणाला, "हाई मन्हं नाव शे का?" होतंच. आम्हा सगळ्यांना तिनं नावं दिलेली आहेत. माझं नाव म्हणजे हवेत खडू धरून लिहिणं. मग मी तिला विचारलं, आणि आई? तिनं हाताची मूठ तोंडापासून लांब धरली आणि दंडानं कपाळ पुसलं. पथारीवर तिखट झालेला हात तोंडाला लागू नये म्हणून तू अशीच घाम पुसायचीस. पलीकडच्या बाईनं ती खूण पाहिली आणि लगेच तिनंही दंडानं कपाळ पुसलं, डोळे बारीक करून विचारलं, त्या कशा आहेत? तिनं तुला कधी पाहिलं नव्हतं गं. वसतिगृहात ऐकलं होतं फक्त. ऐकलं म्हणजे, पाहिलं होतं धाकटीच्या हातांत. धाकटीनं तिला सांगितलं की तू नाहीस. मग दोघी थोडा वेळ गप्प बसल्या, हात मांडीवर ठेवून. त्यांचं गप्प बसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ओळखलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तुझ्या पितळी डब्याला फोन टेकतो. भावजयीला बऱ्याच खुणा यायला लागल्यात, माझ्याहून जास्त. आणि परवा धाकटीनं जाहीर केलं की ती नवापूरला जाणार, मैत्रिणीकडे, चार दिवस, एकटी. भाऊ म्हणाला मी सोडतो. तिनं नाही म्हटलं. भाऊ म्हणाला बरं, स्टेशनपर्यंत. ते चाललं. गाडीत बसल्या बसल्या तिनं मला व्हिडिओ कॉल लावला. मी मधल्या सुट्टीत होते, तशीच खांडबाऱ्याच्या स्टेशनवर गेले. गाडी आली. खिडकीत ती, फलाटावर मी, मध्ये खिडकीचे गज, आणि दोघींच्या हातात फोन चालूच. गजांमुळे तिचे हात नीट दिसेनात म्हणून ती मला फोनकडे बघ म्हणून सांगत होती. मी तिच्या हातात पेरूची पिशवी कोंबली. शेजारची बाई मला म्हणाली, "तुम्ही काळजी नका करू, मी बघते त्यांच्याकडे." धाकटीनं तिचे ओठ वाचले असावेत. तिनं त्या बाईला एक पेरू दिला.

गाडी सुटली तरी फोन सुटला नाही. मी फलाटावरून शाळेकडे चालत निघाले, फोन समोर धरून, आणि ती सांगतच होती. खिडकीबाहेरचं काहीतरी, भाऊचं काहीतरी, मग बराच वेळ असं काहीतरी ज्यात हसू होतं आणि एकदा डोळेही पुसले. मी मान हलवत होते. तिनं मध्येच थांबून विचारलं, कळतंय ना? मी हो म्हटलं. शाळेच्या फाटकाशी पोरं गोळा होऊन बघायला लागली, मी तरी तिथेच उभी राहिले, चिंचपाड्याच्या पुढे कुठेतरी चित्र अडकेपर्यंत.

हा कागद मी कुठे पाठवणार? घडी करून ठेवून देईन. पण तुला म्हणून सांगते, माय, ती बोलते त्यातलं मला निम्मंही कळत नाही, आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती माझ्यासाठी हळू करेल, सोपं करेल. ते मला नकोय. तिला असंच भराभर बोलताना बघत राहावंसं वाटतं.